गरम पाण्याला न टिकणारा धागा

मागच्या दिवाळीनंतर मोहोळला आमच्या घरी मामेभावाच्या मुलीचं बारसं होतं. मी पीएचडीला प्लास्टिकवर काम करते एवढं घरात सगळ्यांना माहीत आहे, म्हणून भावाने मुद्दाम माझ्यासाठी ऑनलाइन ‘चांगले’ ग्लास मागवले होते. स्वच्छ पारदर्शक, वर हिरवं पान छापलेलं, खाली लिहिलेलं ‘वनस्पतीपासून बनवलेले, कंपोस्टेबल’. सरबत त्यात झकास झालं. मग उशिरा आलेल्या पाहुण्यांना चहा द्यायची वेळ आली, कागदी कप संपलेले, आणि कुणीतरी ह्याच ग्लासांत उकळता चहा ओतला. अर्ध्या मिनिटात काठ वाकले, बूड फुगलं, आणि मामांच्या हातातला ग्लास चक्क खाली बसला. धोतरावर चहा. मामा म्हणाले, “आगं, तुझ्या प्लास्टिकला चहाच सोसंना की!”

सगळे हसले. मीही हसले. पण मी तेव्हा जे उत्तर दिलं ते मला आजपर्यंत टोचतंय. मी म्हणाले, “गरम पाण्यात ते विघटित होतं, मामा.” हे चूक होतं. पॉलिएस्टरवर चौथं वर्ष काम करणारी मुलगी ही चूक करते, तर तुम्ही आत्ता पेटची तयारी करत असाल किंवा कोर्सवर्कला बसला असाल, तर तुमच्याकडून ती होणारच. म्हणून हा लेख.

बघा, ग्लास पीएलएचा होता, म्हणजे पॉलिलॅक्टिक आम्लाचा. पीएलएचं ग्लास ट्रान्झिशन तापमान, ज्याला आपण टीजी म्हणतो, ते ५५ ते ६० अंश सेल्सिअसच्या आसपास असतं. त्याच्या खाली साखळ्या जागच्या जागी गोठलेल्या असतात, पदार्थ काचेसारखा कडक. त्याच्या वर साखळ्यांचे तुकडे हलू लागतात, पदार्थ मऊ पडतो. ग्लास बनवतात तो सपाट पत्रा तापवून साच्यात ओढून. तो ताण आत अडकून राहतो आणि चहाने टीजी ओलांडला की पत्रा पुन्हा सपाट व्हायला बघतो. ह्या अर्ध्या मिनिटात रासायनिक बंध जवळजवळ एकही तुटलेला नसतो. हे भौतिक आहे.

दुसरी गोष्ट वेगळी. पॉलिएस्टरची साखळी एस्टर बंधांनी जोडलेली असते आणि पाण्याचा रेणू तो बंध तोडू शकतो. हे जल-अपघटन, आपण लॅबमध्ये हायड्रोलिसिस म्हणतो ते. ह्याला लागतात आठवडे, महिने, कधी वर्षं, आणि तापमान वाढलं की वेग झपाट्याने वाढतो. मराठीत दोन्हीला आपण ‘गरम पाण्यात टिकत नाही’ असंच म्हणतो, आणि गोंधळ तिथेच सुरू होतो. मात्र ह्या पदार्थांचा इतिहास वाचला तर दिसतं की हा गोंधळ फक्त माझ्या घरातला नाही. एकाच गुणधर्मावरून ह्या पॉलिएस्टरना एकदा हाकललं गेलं, मग डोक्यावर घेतलं गेलं, आणि आता पुन्हा त्यावरूनच भांडण चालू आहे.

सुरुवात दह्यापासून. १७८० मध्ये स्वीडनच्या कार्ल विल्हेल्म शीलने आंबलेल्या दुधातून लॅक्टिक आम्ल वेगळं केलं. १८४५ मध्ये फ्रान्सच्या पेलूझने ते तापवून पाणी उडवलं, तेव्हा आम्लाचे रेणू एकमेकांनाच जोडले जाताना दिसले. पाणी काढलं की जोड, पाणी घातलं की तोड. हे वाक्य डोक्यात ठेवा, पुढचा सगळा इतिहास त्याच्याभोवती फिरतो.

आता थेट १९३० वर येऊ. वॉलेस कॅरोथर्स १९२८ मध्ये हार्वर्ड सोडून ड्युपाँ कंपनीत आला होता. तेव्हा ‘महारेणू’ खरंच असतात की लहान रेणूंचा नुसता गठ्ठा असतो, ह्यावर वाद चालू होता. कॅरोथर्सचा विचार सरळ होता: ओळखीची प्रक्रिया घ्यायची, दोन्ही टोकांना जोडता येणारे रेणू घ्यायचे आणि साखळी वाढवत न्यायची. आम्ल आणि अल्कोहोल, मधे एस्टर, बाहेर पाणी. पण साखळी एका मर्यादेपुढे वाढेना, कारण बाहेर पडलेलं पाणी आतच रेंगाळत होतं आणि तयार झालेले बंध परत तोडत होतं. त्यांनी निर्वात दाबाखाली चालणारं एक ऊर्ध्वपातन उपकरण लावलं, मॉलेक्युलर स्टिल, आणि पाण्याचा थेंबन्‌थेंब काढून घेतला. एप्रिल १९३० मध्ये त्याचा सहकारी ज्युलियन हिलने त्या घट्ट वस्तुमानात काचेची कांडी घालून बाहेर ओढली, तर मागून धागा आला. थंड झाल्यावर तो आणखी ओढला तर तुटण्याऐवजी लांब आणि मजबूत झाला, रेशमासारखा चमकू लागला. प्रयोगशाळेतली मंडळी तो धागा धरून बोळात पळत सुटली, असं सांगतात.

(जाता जाता: ह्याच दशकात आमच्या मोहोळच्या शेती संशोधन केंद्रावर स्थानिक मालदांडी ज्वारीतून निवड करून ‘मालदांडी ३५-१’ काढली जात होती. तिकडे धागा ओढत होते, इकडे कणसं निवडत होते. ती ज्वारी आजही पेरतात. कॅरोथर्सच्या त्या धाग्याचं तसं झालं नाही.)

कारण तो धागा धुता येईना. त्या पॉलिएस्टरमध्ये नुसत्या सरळ कार्बन साखळ्या होत्या. ती १०० अंशांच्या खालीच वितळत, कपडे ड्रायक्लीन करायच्या द्रावकांत विरघळत आणि गरम पाण्याला नाजूक होती. ज्या कापडाला इस्त्री नाही आणि धुणं नाही ते कोण घेणार? १९३२ मध्ये कॅरोथर्सच्या गटाने लॅक्टाइडवरही काम छापलं, म्हणजे माझ्या मामांच्या ग्लासाचा पणजोबा त्यांच्या हातात होता. त्यांनी तो बाजूला ठेवला. मग ते अमाइड बंधाकडे वळले, जो पाण्यापुढे एस्टरपेक्षा कितीतरी दणकट असतो. २८ फेब्रुवारी १९३५ रोजी नायलॉन ६,६ तयार झालं. म्हणजे नायलॉनच्या जन्मामागे पॉलिएस्टरचा गरम पाण्यातला पराभव आहे. आपण पाठ्यपुस्तकात नायलॉनचं यश वाचतो, पराभवाची बाजू मूळ पेपर काढल्याशिवाय कळत नाही. मूळ पेपर काढा, एवढंच सांगते.

पुढचं वळण इंग्लंडमध्ये. १९४१ मध्ये व्हिनफिल्ड आणि डिक्सन ह्यांनी, कॅलिको प्रिंटर्स असोसिएशनमध्ये काम करताना, विचार केला की एस्टर ठेवायचा पण साखळीत बेंझीनचं कडं घालायचं. टेरेफ्थॅलिक आम्ल आणि इथिलीन ग्लायकॉल. हे पीईटी, टेरिलिन, आपल्या वडिलांच्या पिढीच्या टेरिकॉटमधलं पॉलिएस्टर. बंध तोच एस्टरचा, पण कड्यामुळे साखळी ताठ, वितळणबिंदू २५० अंशांच्या पुढे, पाण्याला आत शिरायला वाव कमी. पॉलिएस्टर कापड रंगवतात ते दाबाखाली १३० अंशांच्या पाण्यात, आणि त्याला काही होत नाही. पीएलएचं कापड रंगवायचं तर ११० अंशांवर अर्धा तास, पाणी किंचित आम्लधर्मी, एवढंच सोसतं. तरी पीईटीसुद्धा पाण्याला पुरतं अमर नाही. बाटल्या बनवण्याआधी त्याचे दाणे कोरडे केले नाहीत तर वितळलेल्या अवस्थेत तेच जल-अपघटन होतं आणि बाटली ठिसूळ निघते.

कॅरोथर्सनंतर तीसेक वर्षं सरळ साखळीचं पॉलिएस्टर धूळ खात पडलं. ते बाहेर काढलं शल्यचिकित्सकांनी. १९६६ च्या ‘आर्काइव्ह्ज ऑफ सर्जरी’मध्ये एक छोटा पेपर आहे, शस्त्रक्रियेत शरीरात ठेवायच्या वस्तूंसाठी पॉलिलॅक्टिक आम्ल. पहिला लेखक: आर. के. कुलकर्णी. काम अमेरिकी सैन्याच्या वॉल्टर रीड वैद्यकीय केंद्रातलं. ग्रंथालयात आडनाव वाचून मी एकदम थांबले होते, खोटं कशाला बोलू. गिनीपिग आणि उंदरांच्या शरीरात त्यांनी पीएलए ठेवून पाहिलं. ऊतींनी त्रागा केला नाही आणि पदार्थ हळूहळू नाहीसा झाला. शरीर म्हणजे ३७ अंशांचं पाणीच की. ज्या कमकुवतपणावरून कॅरोथर्सने धागा टाकून दिला, त्याच कमकुवतपणाला आता किंमत आली. टाके घालायचे, जखम भरायची, टाके काढायला परत यायला नको. १९७० मध्ये पॉलिग्लायकॉलिक आम्लाचा ‘डेक्सॉन’ हा टाक्याचा धागा बाजारात आला, १९७४ मध्ये ग्लायकॉलिक-लॅक्टिक मिश्रणाचा ‘व्हायक्रिल’. सिझेरियन झालेल्या तुमच्या घरातल्या कुणालाही विचारा, ‘विरघळणारे टाके’ म्हणतात ते ह्याच घराण्यातले.

शरीरात ठेवायचं म्हटल्यावर मोजमाप काटेकोर झालं, आणि मग एक अशी गोष्ट समोर आली जी मला अजूनही नवल वाटते. १९९० मध्ये फ्रान्समध्ये सुमिंग ली, गारो आणि मिशेल व्हेर ह्यांनी दाखवलं की पीएलएचा जाड तुकडा पाण्यात ठेवला तर तो बाहेरून आत झिजत नाही, उलट आतून आधी जातो. साखळी तुटली की प्रत्येक तुकड्याच्या टोकाला आम्ल गट तयार होतो आणि आम्ल पुढच्या तोडीला गती देतं. पृष्ठभागाजवळचे आम्लधर्मी तुकडे पाण्यात निघून जातात, मधले अडकून बसतात. म्हणून गाभा पोकळ आणि वर टरफल शाबूत. जाड वस्तू पातळ वस्तूपेक्षा लवकर कुजते, हे आपल्या सहजबुद्धीच्या पार उलट आहे. तेव्हा तुमच्या पट्टीची जाडी वहीत लिहा. मी पहिल्या वर्षी लिहिली नव्हती.

आता माझी फजिती सांगते, कारण ह्या इतिहासाचा उपयोग मला तिच्यानंतर कळला.

पहिला प्रयोग मी ५० अंशांच्या वॉटर बाथमध्ये लावला. हिशोब असा की टीजी ५८, आपण त्याच्या खाली, म्हणजे निवांत. दर आठवड्याला पट्टी काढायची, टिपायची, सुकवायची, वजन करायचं. आठ आठवडे वजन हललं नाही. मी मासिक अहवालात लिहिलं, ‘कोणताही लक्षणीय बदल आढळला नाही.’ नवव्या आठवड्यात चिमट्याने पट्टी उचलली आणि ती बिस्किटासारखी मोडली. पारदर्शक असलेली पट्टी कधीची दुधाळ झाली होती, ते मी रोज बघत होते आणि नोंदवत नव्हते. क्लोरोफॉर्ममध्ये विरघळवून जीपीसीला दिली तर रेणुभार निम्म्याच्याही खूप खाली. साखळ्या पहिल्या आठवड्यापासून तुटत होत्या. पण लांब साखळीचे दोन तुकडे झाले म्हणून वजन कमी होत नाही. तुकडे अगदी आखूड होऊन पाण्यात विरघळू लागले की मगच वजन घटतं. तोवर मजबुती कधीच गेलेली असते.

दोन चुका आणखी होत्या. पीएलएमध्ये शिरलेलं पाणी त्याचा टीजी खाली ओढतं, त्यामुळे कोरड्या पट्टीचा आकडा ओल्या पट्टीला लावायचा नसतो. ५० अंश मला वाटत होते तेवढे सुरक्षित नव्हते. आणि मी नुसतं डिस्टिल्ड वॉटर वापरलं होतं, त्यात सुटलेल्या लॅक्टिक आम्लाने पाण्याचा पीएच घसरत गेला. बफर घ्यायला हवं होतं, निदान पीएच मोजायला तरी. हे सगळं जुन्या पेपरांमध्ये लिहिलेलं होतं. मी वाचले होते फक्त गेल्या पाच वर्षांतले.

इथे एक गोष्ट पटकन सांगून टाकते, कारण मुलाखतीत हमखास विचारतात. सगळे जैव-पॉलिएस्टर चहाला घाबरत नाहीत. १९२६ मध्ये पाश्चर संस्थेच्या मॉरिस लेमोन्येला जिवाणूंच्या पोटात साठवलेला एक पॉलिएस्टर सापडला, पीएचबी. त्याचा टीजी शून्य ते पाच अंशांजवळ, म्हणजे खोलीच्या तापमानालाच तो टीजीच्या वर असतो. तरी तो मऊ पडत नाही, कारण बराचसा भाग स्फटिकरूप असतो आणि ते स्फटिक १७५ अंशांपर्यंत वितळत नाहीत. पीएलएलाही योग्य तापमानावर स्फटिकरूप केलं तर कप गरम चहा सोसतो, तसे कप मिळतात, ते पारदर्शक नसतात. आणि उसाच्या मळीपासून इथिलीन ग्लायकॉल बनवून केलेलं अंशतः जैव पीईटी असतं, कोका-कोलाने २००९ मध्ये त्याची बाटली आणली. त्याचा अंश शेतातून आला असला तरी रेणू नेहमीच्या पीईटीचाच, त्यामुळे ते कुजत नाही. ‘कशापासून बनलं’ आणि ‘कसं मोडतं’ हे दोन वेगळे प्रश्न आहेत.

तर पीएलए दवाखान्यातून बाजारात कसं आलं? २००२ मध्ये अमेरिकेत नेब्रास्कातल्या ब्लेअर गावी मक्यापासून वर्षाला १,४०,००० टन पीएलए बनवायचा कारखाना सुरू झाला आणि टाक्यांचा पदार्थ ग्लासांचा झाला. आपल्याकडे मार्च २०१८ मध्ये महाराष्ट्र सरकारने एकदा वापरून फेकायच्या प्लास्टिकच्या आणि थर्माकोलच्या ताटल्या, कप, ग्लास ह्यांवर बंदी आणली. पुढे १ जुलै २०२२ पासून देशभर अशा बऱ्याच वस्तू बंद झाल्या, आणि प्रमाणित कंपोस्टेबल वस्तूंना वाट मोकळी राहिली. भावाने घेतलेले ग्लास त्या वाटेने आमच्या अंगणात आले.

‘कंपोस्टेबल’ हा शब्द मात्र एका आकड्यावर उभा आहे: ५८ अंश. ज्या मानकावर हे प्रमाणपत्र मिळतं त्यातली चाचणी ५८ अंशांच्या, अधिक-उणे दोन, ओल्या कंपोस्टमध्ये होते आणि १८० दिवसांत ९० टक्के कार्बनचं कार्बन डायऑक्साइड व्हावं लागतं. आकडा पुन्हा पाहा. पीएलएचा टीजी तोच. म्हणजे साखळ्या मोकळ्या, पाणी भरपूर, आठवडेच्या आठवडे. ह्या उष्ण पाण्याने आधी साखळ्या आखूड करायच्या, मग जिवाणूंनी खायच्या. हे नसेल तर काय होतं? २०१७ मध्ये जर्मनीतल्या बायरॉइटच्या गटाने अशी ‘विघटनशील’ प्लास्टिकं २५ अंशांच्या गोड्या आणि समुद्रासारख्या खाऱ्या पाण्यात वर्षभर ठेवली. टाक्यांच्या धाग्याच्या जातीचं मिश्रण, पीएलजीए, पूर्ण गेलं. पीएलए जवळजवळ जसंच्या तसं राहिलं.

मोहोळला मे महिन्यात पारा ४२-४३ ला जातो. कोरडा. बारशाचे ग्लास घंटागाडीत गेले, काही वाऱ्याने परसात राहिले. उन्हात वाकडे होतील, कुजणार नाहीत. ‘कंपोस्टेबल’ लिहिलेलं म्हणून कुणी त्यांना वेगळं ठेवलं नाही आणि वेगळं ठेवलं असतं तरी द्यायचं कुठे हा प्रश्न होताच. माझं मत स्पष्ट आहे: जिथे ५८ अंशांचा ओला ढीग नाही तिथे हा शिक्का ग्राहकाची फसवणूक करतो, भले प्रमाणपत्र खरं असेल.

पण मग मला एक ढीग आठवला, जो मी लहानपणापासून बघत आले आणि कधी मोजला नव्हता. आमच्या तालुक्यात साखर कारखाने आहेत, टाकळी सिकंदरचा भीमा, अनगरचा लोकनेते. ज्या कारखान्यांना डिस्टिलरी जोडलेली असते तिथे प्रेसमडच्या लांबच लांब रांगा लावून त्यावर स्पेंटवॉश शिंपडतात आणि एरोटिलरने उलथत राहतात. थंडीत सकाळी त्या रांगांतून वाफा निघतात. अशा रांगेच्या पोटात ६० अंश आणि वर तापमान जातं, ओल असते, आठवडेच्या आठवडे. म्हणजे मानकातली स्थिती शहरात शोधत बसायची गरज नव्हती, ती उसाच्या गावी होती. आणि पीएलएचा कच्चा मालही साखरच. ऑक्टोबर २०२४ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या जेजुरीला प्राज इंडस्ट्रीजचं जैव-बहुवारिकांचं प्रात्यक्षिक केंद्र सुरू झालं, तिथे लॅक्टिक आम्लापासून पीएलएपर्यंतची साखळी चालवून बघतात.

खतात घालवणं हा एकच रस्ता नाही, हेही लक्षात असू द्या. जपानमध्ये त्सुजी आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये दाखवलं की दाबाखाली २५० अंशांच्या पाण्यात दहा-वीस मिनिटांत पीएलएचं सुमारे ९० टक्के लॅक्टिक आम्ल परत मिळतं. पेलूझने पाणी काढून जे जोडलं ते पाणी घालून परत सोडवलं. परत मिळालेल्या आम्लाचा पुन्हा ग्लास करता येतो, खतातल्या कार्बनचा करता येत नाही.

जानेवारीत मी एका कारखान्याच्या कंपोस्ट यार्डच्या साहेबांना भेटले. मामा बरोबर होते, त्यांची तिथे ओळख. साहेबांनी आधी विचारलं, “खत खराब होणार नाही ना?” मग परवानगी दिली. बारशाच्या उरलेल्या ग्लासांच्या पट्ट्या कापल्या, जाडी मोजली, लिहिली, नायलॉनच्या जाळीच्या पिशव्यांत घालून रांगेत दीड फूट खोल पुरल्या. दुसऱ्या दिवशी थर्मामीटरने ६३ दाखवले. तेवढ्याच पट्ट्या घरच्या परसात, तुळशीमागच्या खड्ड्यात.

पहिली पिशवी तिसऱ्या आठवड्यात काढली. यार्डातल्या पट्ट्या पांढऱ्या झालेल्या, आणि चिमट्याने उचलताना दोन मोडल्या. परसातल्या पट्ट्यांवरचं हिरवं पान अजून वाचता येतं. वजन केलेलं नाही. आधी जीपीसीला पाठवल्यात.